नव्वदच्या दशकातली मागे पडलेली गाणी कशी शोधायची, ओळखायची आणि जपायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागे पडलेलं गाणं नेमकं कोणतं म्हणायचं?

जे गाणं त्या वेळी काही महिने रेडिओवर, एसटीत, पानाच्या टपरीवर, गणपतीच्या मांडवात वाजलं, बऱ्याच जणांना तोंडपाठ झालं आणि नंतर कुठेच ऐकू येईनासं झालं, ते. कुणीच न ऐकलेली गाणी यात येत नाहीत, आणि आजही प्रत्येक ऑर्केस्ट्रा वाजवतो ती गाणीही नाहीत. या पानावर 1990 ते 1999 मधल्या हिंदी चित्रपटगीतांचा, मराठी चित्रपटगीतांचा आणि खासगी अल्बमचा विचार केला आहे. हे सगळं प्रामुख्याने कॅसेटवर आलेलं संगीत आहे. बाकी सगळी उत्तरं त्या एका गोष्टीभोवती फिरतात.

गाणं चांगलं होतं, लोकांना आवडलंही होतं. मग मागे का पडलं?

मुख्य कारण चित्रपट. कॅसेट चित्रपटाच्या आधी काही आठवडे, कधी काही महिने बाजारात यायची. गाणं त्या काळात चालायचं. मग चित्रपट पडला की टीव्हीवरच्या झलका बंद, दुकानदार नवा माल मागवणार नाही, आणि वर्षभरात गाणं संपलं. 1996 च्या ‘इस रात की सुबह नहीं’मधलं ‘चुप तुम रहो, चुप हम रहें’ घ्या. निदा फाजली यांचे शब्द, एम. एम. क्रीम यांचं संगीत. ज्यांनी ऐकलं ते आजही विसरलेले नाहीत, पण चित्रपट मोजक्याच लोकांनी पाहिला.

समांतर चित्रपटांच्या गाण्यांचं हेच झालं. गोविंद निहलानींच्या ‘दृष्टी’ला (1990) किशोरी आमोणकरांचं संगीत आहे हे आज अनेक शास्त्रीय संगीताच्या रसिकांनाही सांगावं लागतं. ‘माया मेमसाब’मध्ये (1993) गुलजार आणि हृदयनाथ मंगेशकर ही जोडी आहे. मराठीत आनंद मोडकांची ‘एक होता विदूषक’ (1992) आणि ‘मुक्ता’ (1994) मधली कामं अशीच थोड्यांच्या कानांत राहिली.

दुसरं कारण कंपन्यांचं. अल्बम काढणारी कंपनी बंद पडली किंवा विकली गेली की तिचा माल नव्या मालकाच्या यादीत तळाशी जातो. तिसरं कारण, एकच गाणं गाजणं. ‘मेड इन इंडिया’ (1995), ‘कलोनियल कझिन्स’ (1996), लकी अलींचा ‘सुनो’ (1996) या अल्बममधलं एखादं गाणं सगळ्यांना माहीत असतं. बी साइडवर, म्हणजे कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, काय होतं ते विचारून बघा. शोधाची सुरुवात करायला याहून सोपी जागा नाही, कारण हे अल्बम आजही मिळतात. अख्खे ऐका.

मला फक्त एक ओळ आठवते. सुरुवात कुठून करू?

आठवतं ते सगळं आधी कागदावर लिहा: ओळ, आवाज पुरुषाचा की स्त्रीचा, द्वंद्वगीत होतं का, साधारण कुठल्या साली आणि कुठे ऐकलं, पडद्यावर कोण होतं. नंतर शोधाच्या नादात मूळ आठवण बदलते, म्हणून हे आधी.

ओळ अवतरणचिन्हांत टाकून शोधा. हिंदी गाण्यासाठी रोमन लिपीत शोधा आणि स्पेलिंग बदलत राहा: ‘आँखें’ हा एकच शब्द लोक चार-पाच प्रकारे लिहितात. मराठी गाण्यासाठी देवनागरीच चांगली. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर मराठी गाण्यांचे शब्द गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्या नावांसह मिळतात. आधी तिथे बघा.

ओळ सापडत नसेल तर बहुतेक वेळा ती मुखड्याची नसते, अंतऱ्याची असते, आणि गाण्याच्या याद्या मुखड्याच्या पहिल्या शब्दांवर लावलेल्या असतात. अशा वेळी ओळ सोडा आणि कॅसेटकडे वळा. चित्रपटाचा किंवा नटाचा अंदाज असेल तर त्या चित्रपटाच्या नावापुढे ‘ज्यूकबॉक्स’ टाकून व्हिडिओ शोधा. अख्खा अल्बम सलग मिळतो आणि खालच्या माहितीत प्रत्येक गाण्याची वेळ दिलेली असते. पाच-सहा ज्यूकबॉक्स भराभर चाळणं हे एका ओळीवर तासभर अडून बसण्यापेक्षा जास्त फळतं.

चाल आठवते, शब्द नाहीत. मग?

गुगलच्या ॲपमध्ये माइकवर टिचकी मारून गाणं शोधण्याचा पर्याय निवडा आणि 10 ते 15 सेकंद गुणगुणा. शब्द म्हणू नका, ‘ला ला’ करा. सुरुवातीच्या वाद्यांचा तुकडा नको, गायकाने गायलेला भाग घ्या. गाजलेल्या गाण्यांना हे छान चालतं, मागे पडलेल्यांना कमी, कारण तुलनेसाठी लागणाऱ्या नोंदी कमी असतात. शझाम हे गाणी ओळखणारं दुसरं ॲप गुणगुणलेलं ओळखत नाही, त्याला मूळ ध्वनिमुद्रणच ऐकवावं लागतं.

कॅसेट वाजवूनही शझामला गाणं ओळखता येत नसेल तर टेपचा वेग चुकलेला असण्याची शक्यता मोठी. वेग तीन-चार टक्क्यांनी जरी हलला तरी ॲपकडे साठवलेला त्या गाण्याच्या आवाजाचा ठसा जुळत नाही. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा आधी 3 टक्के हळू आणि मग 3 टक्के जलद करून पुन्हा ऐकवा.

संगीतकाराचं नाव टाकलं तरी अर्धीच गाणी दिसतात. असं का?

कारण नावं एकसारखी नसतात. हिंदीत एम. एम. क्रीम, तेलुगूत कीरवाणी आणि तमिळमध्ये मरगदमणी ही एकाच संगीतकाराची नावं. मराठीत ‘गारवा’चे गीतकार सौमित्र म्हणजे किशोर कदम. दोन्ही नावांनी शोधा.

डब झालेल्या चित्रपटांची गाणी हा तर वेगळाच खजिना. रहमान यांचं ‘तिरुडा तिरुडा’ हिंदीत ‘चोर चोर’ झालं, ‘कादलन’ ‘हमसे है मुकाबला’ झालं. काही वेळा चित्रपट वेगळाच आणि चाली जुन्या: ‘विश्वविधाता’मध्ये (1997) तमिळ ‘पुदिय मुगम’च्या (1993) चाली आहेत. हिंदी गाणं मिळत नसेल तर मूळ तमिळ गाणं शोधा. चाल पक्की झाली की हिंदी रूप सापडायला वेळ लागत नाही. रहमान यांच्या त्या काळातल्या बऱ्याच डब गाण्यांचे हिंदी शब्द पी. के. मिश्रा यांचे आहेत, तेव्हा त्यांच्या नावानेही बघा.

कंपन्यांचीही नावं बदलली आहेत. कव्हरवर एचएमव्ही असेल तर आज सारेगामाच्या यादीत बघा. म्युझिक इंडिया किंवा पॉलिग्राम असेल तर युनिव्हर्सल, बीएमजी क्रेसेंडो असेल तर सोनी.

कव्हरवर एक वर्ष, इंटरनेटवर दुसरं. कुठलं खरं?

दोन्ही खरी असू शकतात. कॅसेट 1993 च्या शेवटी आली आणि चित्रपट 1994 मध्ये लागला, असं सर्रास व्हायचं. कव्हरवरचं वर्ष ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचं असतं. स्ट्रीमिंगवर दिसणारं वर्ष मात्र विश्वासाचं नाही: कित्येकदा ती गाणं तिथे चढवल्याची किंवा नंतरच्या एखाद्या संग्रहाची तारीख असते. शोधताना वर्षाच्या मागे-पुढे एकेक वर्ष धरा.

गाणं सापडलं, पण हे ‘ते’ नाही असं वाटतंय. भास आहे का?

बहुधा भास नाही. चार गोष्टी तपासा.

झंकार. मूळ गाण्यावर जादा ताल आणि इको चढवून काढलेल्या आवृत्त्या त्या काळात धो-धो खपल्या. आज काही गाण्यांची तीच आवृत्ती आधी पुढे येते. नावात ‘झंकार’ आहे का बघा. नसेल तरी कडव्यांमधल्या शांत जागेत मागे एकसुरी ताल चालू असेल तर ती झंकारच.

दुसऱ्या आवाजातली आवृत्ती. मूळ कंपनीला नोटीस आणि रॉयल्टी देऊन तेच गाणं नव्या गायकाकडून गाऊन घेण्याची मुभा कॉपीराइट कायद्यात होती. 2012 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पाच वर्षं थांबण्याची अट आली. नव्वदीत अशा कॅसेटचा पूर होता आणि मूळ कॅसेटपेक्षा त्या स्वस्त असल्याने कित्येक घरांत त्याच होत्या. तेव्हा तुमच्या आठवणीतलं गाणं मूळ गायकाचं नसेलही. ते शोधताना ‘व्हर्जन’ किंवा ‘यादें’ असे शब्द जोडून बघा.

एकाच गाण्याची दोन-तीन रूपं. आनंदी, दुःखी, स्त्रीचा आवाज, पुरुषाचा आवाज. कॅसेटवर सगळी असायची, चित्रपटात एखादंच.

आणि लांबी. कॅसेटवर दोन्ही बाजू साधारण सारख्या भराव्या लागत, त्यामुळे गाण्यांचा क्रम बदलत, कधी मधलं संगीत कापत, कधी मध्ये संवाद घालत. ‘टू इन वन’ कॅसेटवर, म्हणजे एका बाजूला एक चित्रपट आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, तर प्रत्येक चित्रपटाची दोन-तीन गाणी सरळ गाळलेली असत. गाळली जाणारी गाणी बहुतेक वेळा हीच, आपल्याला हवी ती.

कॅसेट आता कुठे मिळतात आणि घेताना काय बघायचं?

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, आणि गावोगावची रद्दीची दुकानं. मुंबईचं ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं. तशी भरलेली दुकानं आता शोधू नका, जुन्या मालाकडेच जावं लागतं. नातेवाइकांच्या माळ्यावरचे खोके आधी उघडा. दुकानातून निवडक गाणी भरून घेतलेल्या कॅसेट कुणी टाकून देत असेल तर घेऊन ठेवा. त्या काळी लोकांना नेमकं काय आवडत होतं याचा त्यांच्याइतका सच्चा पुरावा दुसरा नाही.

घेताना कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपची गुंडाळी बघा. कडेला पांढरट ठिपके किंवा पावडर म्हणजे बुरशी. खालच्या तोंडाशी मधोमध तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन असतो, तो जागेवर आहे का बघा. कव्हर आतल्याच कॅसेटचं आहे ना, हे तपासा. कव्हरचा कागद पातळ, छपाई पसरलेली आणि कंपनीचा क्रमांक नसेल तर ती नकली प्रत. तिच्यावर आवाज आधीच एक पिढी खाली आलेला असतो, पण गाणं दुसरीकडे मिळत नसेल तर तीही घ्या.

कॅसेट लगेच वाजवून बघू का?

नको. वीस-पंचवीस वर्षं न हललेली टेप एकमेकींना चिकटून बसलेली असते. आधी षटकोनी पेन्सिलीने चाक फिरवून सैल टेप ताणून घ्या. मग मशीनमध्ये एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. फिरताना मशीन कण्हत असेल तर थांबवा आणि हाताने सोडवा.

मशीनचं हेड (टेप जिथे टेकते आणि आवाज वाचला जातो तो भाग) आणि कॅपस्टन (टेप ओढणारा धातूचा बारीक दांडा) 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल लावू नका, त्याने रबर कडक होतं. तिथे साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेली काडी फिरवा आणि नीट वाळू द्या. दर चार-पाच कॅसेटनंतर हे पुन्हा. पहिल्यांदा मशीन लावताना नको असलेली कॅसेट घाला. पट्टा सैल असेल किंवा मशीन टेप खात असेल तर ते त्या कॅसेटवर कळू द्या.

आवाज दबका येतो. कॅसेट गेली का?

बहुधा नाही. आधी तो नमद्याचा चौकोन बघा. त्याचा गोंद सुकला की तो गळून पडतो, टेप हेडला नीट टेकत नाही आणि वरचे स्वर जातात, आवाज येतो-जातो. अशा वेळी दुसऱ्या, निरुपयोगी कॅसेटचा खोका पट्टीसह वापरा. पाच स्क्रू असलेला खोका घ्या, चिकटवलेला उघडताना तुटतो. दोन्ही खोके आडवे ठेवून उघडा, टेपची दोन्ही चाकं एकत्र उचला, आतले पातळ कागद, दोन छोटे रोलर आणि त्यांच्या पिना विसरू नका. एक पिन राहिली तर टेप घासत जाते.

चौकोन ठीक असेल तर हेडचा कोन बघा. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. आवाज मोनोवर (दोन्ही बाजूंचा एकत्र) घ्या, झांज किंवा ‘स’ जिथे ठळक आहे असा तुकडा लावा आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, दोन्हीकडे फिरवून जिथे आवाज सर्वांत उजळ होतो तिथे थांबा. कंपनीच्या कॅसेटला बऱ्याचदा हे लागत नाही. दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटला मात्र जवळजवळ नेहमी लागतं, कारण त्या दुकानाच्या डेकचा कोन वेगळा होता. स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा.

बुरशी लागलेली आणि तुटलेली टेप वाचते का?

तुटलेली हमखास वाचते. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून 45 अंशांत कापा, टोकाला टोक लावा आणि कॅसेटसाठीची स्प्लायसिंग टेप आतल्या बाजूने, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने चिकटवा. सेलोटेप अजिबात नको. तिचा गोंद उष्णतेत पाझरतो आणि शेजारचे थर खराब करतो.

बुरशी मशीनमध्ये जाता कामा नये, ती हेडवरून पुढच्या कॅसेटवर जाते. कोकणात आणि मुंबईत हा त्रास सर्वाधिक. कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत आठवडाभर ठेवा. बुरशी पूर्ण सुकली की तोंडावर मास्क लावून, घराबाहेर, टेप हाताने हळूहळू गुंडाळत धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून ओढा. दुसरी प्रत नसलेलं ध्वनिमुद्रण असेल तर हे स्वतः करू नका, ध्वनिमुद्रण दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्या.

कॉम्प्युटरवर कशी घ्यायची?

डेकच्या ‘लाइन आउट’मधून वायर ऑडिओ इंटरफेसच्या (बाहेरचा आवाज कॉम्प्युटरला देणाऱ्या छोट्या उपकरणाच्या) ‘लाइन इन’मध्ये. लाइन आउट नसेल तर हेडफोनच्या भोकातून, आवाज निम्म्यावर ठेवून. यूएसबीवर चालणारे स्वस्त वॉकमनसारखे कन्व्हर्टर टाळा. त्यांत मोटरचा आवाज मिसळतो आणि स्वर हलतो. कॅसेटसमोर मोबाइल धरून मुद्रण करणं तर नकोच.

ऑडॅसिटीत 48,000 हर्ट्‌झ ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास येईल असं लावा. कॅसेटची एक बाजू सलग घ्या, गाणी नंतर कापा. 24 बिटमध्ये 60 मिनिटांची कॅसेट साधारण 1 जीबी होते. फ्लॅकमध्ये जपली तर बरीच जागा वाचते आणि आवाजात काही जात नाही. मूळ मुद्रण जसंच्या तसं ठेवा आणि सुधारणा त्याच्या प्रतीवर करा. खरखर काढताना 6 ते 9 डेसिबलच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे खरखरीबरोबर बासरीची फुंक आणि तबल्याची चाटही निघून जाते, आणि मग आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

वेग बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

त्याच कॅसेटवरच्या, आज डिजिटल मिळणाऱ्या एखाद्या गाण्याची लांबी मोजा. समजा डिजिटल गाणं 320 सेकंदांचं आहे आणि तुमचं 310 मध्ये संपतं. 310 भागिले 320 म्हणजे 0.969. ऑडॅसिटीच्या ‘चेंज स्पीड अँड पिच’मध्ये हाच गुणक टाका, म्हणजे साधारण 3.1 टक्के हळू. फक्त ‘टेम्पो’ बदलू नका, त्याने स्वर चढाच राहतो. मग तोच गुणक त्या बाजूच्या सगळ्या गाण्यांना लावा. 3 टक्के म्हणजे सुमारे अर्ध्या पट्टीचा फरक, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अधेमधे. पेटीवर सूर लावून बघणाऱ्याला तो लगेच खटकतो.

फाइलला नाव काय द्यायचं?

मुखडा, चित्रपट किंवा अल्बम, वर्ष, गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी, कॅसेटचा क्रमांक आणि बाजू. गीतकार गाळू नका. स्ट्रीमिंगवर सगळ्यात आधी तोच गळतो, आणि समूहगीतात चार गायकांपैकी एकाचंच नाव उरतं. कव्हरच्या दोन्ही बाजू 600 डीपीआयला स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. या गाण्यांचं पूर्ण श्रेय कित्येकदा फक्त त्या कागदावर छापलेलं आहे.

हे गाणं यूट्यूबवर टाकलं तर चालेल का?

स्वतःच्या ऐकण्यासाठी, अभ्यासासाठी उतरवून घेणं वेगळं आणि सार्वजनिक करणं वेगळं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. 1995 च्या कॅसेटवर तो 2055 संपेपर्यंत आहे. शब्द आणि चाल यांचे हक्क त्याहून जास्त काळ चालू शकतात. कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाही, तो कुणाकडे तरी गेलेला असतो. ज्यांच्याकडे गेला त्यांना कॅसेटचा क्रमांक आणि कव्हरचा स्कॅन पाठवून गाणं प्रसिद्ध करण्याची विनंती करा. नेमका क्रमांक दिला की त्यांना आपल्या साठ्यात शोधणं सोपं जातं.

मी परदेशात राहतो. भारतातल्या मित्राला दिसतं ते गाणं मला दिसत नाही.

हक्क देशवार दिलेले असतात, म्हणून. तेच गाणं दुसऱ्या संग्रहात, दुसऱ्या कंपनीच्या नावाने तुमच्याकडे असू शकतं. चित्रपटाच्या नावाऐवजी गायकाच्या ‘बेस्ट ऑफ’ संग्रहांत मुखडा शोधा. तेही जमलं नाही तर तुमच्याच गावातल्या जुन्या भारतीय किराणा दुकानात चौकशी करा. नव्वदीत तिथे कॅसेट विकायला असत, आणि मागच्या खोलीत एखादा खोका राहिलेला असतो.